फक्कीची शाळा

कोल्हापुरात माझं अख्खं आयुष्य गेलं, तरी चहाच्या गाड्यावर मला अजून ‘पावणं’ अशीच हाक येते. अनोळखी माणसाला इथं तसंच बोलावतात. आलो तेव्हा मला वाटायचं, पाहुणा म्हणजे आज ना उद्या जाणारा. हे लोक मला निघा म्हणतायत. मी घाबरून जास्तच काम करायचो.

मी विदर्भातला, चांद्याकडचा. धानाचं गाव, मागं जंगल. सहावीत असताना शाळा सुटली ती सुटलीच. त्याच साली कालव्याच्या मोजणीची माणसं गावात आली. त्यांना साखळी ओढायला कुणीतरी हवं होतं. मी साखळीचं टोक धरलं आणि त्यांच्यामागं गावोगाव फिरत राहिलो. त्या तुकडीत माने साहेब होते, मूळचे इकडच्या मुरगूडचे. पुढं त्यांना कोल्हापूरच्या पालिकेत नगररचना खात्यात सर्व्हेअरची जागा मिळाली. निघताना म्हणाले, “येतोस का? रोजंदारी मिळेल. कायम व्हायचं नशिबावर.” मी गावाकडं निरोप धाडला आणि आलो. त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडणार होतो? ते म्हणतील तिथं खुंटी ठोकायची, एवढंच हातात होतं.

आमचं काम बाहेरच्याला सांगायचं तर असं. शहराचा एक मोठा नकाशा असतो, त्याला विकास आराखडा म्हणतात. त्यात प्रत्येक जागेला रंग दिलेला. राहायच्या जागा पिवळ्या, दुकानं-वखारी निळ्या, शाळा-दवाखाने तांबूस, बागा हिरव्या. निळ्या जागेत शाळा बांधायची म्हटलं तर आधी तो रंग बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी सभेत ठराव, मग जाहीर सूचना, लोकांच्या हरकती, सुनावणी, पुन्हा सभा आणि शेवटी मुंबईला सरकारची मंजुरी. नकाशावर ती जागा म्हणजे नखाएवढा निळा ठिपका. पण त्या नखावर माणसं हमरीतुमरीवर येताना मी पाहिली आहेत.

नकाशावरची रेघ जमिनीवर नेमकी कुठं येते, ते दाखवायला आम्ही जायचो. साहेबांच्या डोळ्याला दुर्बीण, माझ्या हातात लोखंडी साखळी, लाल-पांढऱ्या काठ्या, खुंट्या आणि फक्कीची बादली. फक्की म्हणजे कबड्डीच्या मैदानावर आखणीला मारतात ती पांढरी भुकटी. मूठ सैल सोडून चालायचं, मागं रेघ पडत जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण नजर हलली की रेघ वाकते, आणि माझी नजर कायम हलायची, कारण प्रत्येक रेघेच्या पलीकडं कुणीतरी उभं असायचं. मंगळवार पेठेतल्या एका आजीनं मला अंगणात बसवून चहा, चकली, केळं दिलं आणि मग हळूच म्हणाली, “ल्येका, साखळी जरा ढिली धर की. माझी तुळस तेवढी अलीकडं घे.” एका तालमीतले वस्ताद आखाड्याच्या मातीतच मांडी घालून बसले. म्हणाले, “रस्ता हितनं जातोय न्हवं? मार माझ्या डोस्क्यावरनं रेघ.” मी बादली घेऊन उभा, साहेब दुर्बिणीत तोंड घालून हसतायत. शेवटी वस्तादांनीच मला खुराकातलं दूध पाजून परत धाडलं. रस्ता पुढं थोडा वळला. का वळला, ते साहेबांना ठाऊक.

साहेबांचा एक नियम होता. “रेघ मिटली पाहिजे. जिथनं निघालास तिथं परत ये. रेघ उघडी राहिली की त्या फटीतनं भांडण आत शिरतं.” मी तो देवाच्या नावासारखा पाळत होतो. खाली जे सांगणार आहे ते या नियमामुळंच झालं.

तेव्हा नगरपालिकेची महापालिका होऊन फार वर्षं झाली नव्हती. शाहूपुरीत गुळाच्या वखारी होत्या, पण धंदा हळूहळू मार्केट यार्डाकडं सरकत होता. बाळगोंडा आण्णा नावाचे एक जुने जैन व्यापारी. त्यांनीही पेढी हलवली, मोडकळीला आलेली वखार पाडून टाकली आणि ती मोकळी जागा एका शाळेला देऊ केली. शाळा खाजगी, सुमतीबाई नावाच्या एका बाईंनी काढलेली. ती भरायची एका मंगल कार्यालयाच्या खालच्या मजल्यावर. वर मुहूर्त असला की खाली शाळेला सुट्टी. बाई हसत म्हणायच्या, “आमचं वेळापत्रक भटजी ठरवतात.” चातुर्मासात अभ्यास जोरात चालायचा आणि लग्नसराईत पोरं गणित विसरायची. आता कार्यालयवाल्यालाही जागा परत हवी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा तिथं भरणार नाही, हे त्यानं सांगून टाकलं होतं. दुसरी जागा परवडणारी नव्हती. आण्णांची जागा मिळाली तर शाळा राहणार, नाहीतर पोरं चार दिशांना पांगणार.

आणि जागा नकाशात निळी.

हरकती आल्या. दुकानदारांच्या होत्या, पण सगळ्यात जड हरकत होती हमालांची. त्या रस्त्यावरच्या वखारींत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांचे मुकादम दौलूमामा. दारासारखा रुंद माणूस, डोक्याला पटका, पाठ कायम थोडी वाकलेली. सुनावणीला ते आले. लिहून आणलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि तोंडीच बोलले.

“शाळा वाईट हाय असं मी म्हनत न्हाय. पर त्या रस्त्यानं दिवसभर बैलगाड्या आनि टरकं. कासरा तुटला तर बैल पोरगं बघत न्हाय. उद्या एक पोरगं चाकाखाली आलं, तर तुमी शाळा बंद करनार न्हाईसा. गाड्या बंद करनार. मग आमी कुठं जायाचं?”

बाई म्हणाल्या, “आम्ही लक्ष ठेवू.”

“बाई, पोरावर लक्ष ठिवून पोर थांबतं व्हय?”

मला दोघांचं खरं वाटत होतं, आणि दोघांचं खरं असलं की रेघ कुठं मारायची ते मला कळत नसे.

मग विषय सभेत आला. सभागृहात मी नकाशाची गुंडाळी धरून भिंतीशी उभा राहायचो. विषय निघाला की नकाशा फळ्यावर टांगायचा. त्या उंच खुर्च्या, महापौरांच्या समोरची घंटा, एकेकाचं उठून ‘सन्माननीय’ म्हणणं. एवढी मोठी माणसं नखाएवढ्या ठिपक्यासाठी दुपारभर भांडतात, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं आणि अजून वाटतं. त्या पेठेचे नगरसेवक कायम पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे, पायात पांढरे बूट. आम्ही शिपाईलोक आपसात त्यांना इस्त्रीवाले म्हणायचो. ते उठले. “व्यापाराच्या पेठेत पाटी-पुस्तकं आणून बसवायची, तर उद्या शाळेत गुळाची ढेप ठेवायची का?” सभा हसली. दुसऱ्या बाजूचे चिडले. घंटा वाजवून महापौरांनी ठरवलं, आधी सगळ्यांनी जाऊन जागा बघायची, मग मतं घ्यायची.

बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, “नकाशा सगळ्यांना दिसतो रे, कळत कुणालाच नाही. जमिनीवर काढ. बाईंनी इमारतीचा नकाशा दिलाय, त्यातल्या खोल्या काढ. मापानं, खऱ्या आकाराच्या. उभं राहिल्यावर कळू दे त्यांना, शाळा केवढी.”

पाहणीच्या सकाळी मी लवकर गेलो. त्या जमिनीचं काय सांगू? वर्षानुवर्षं गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, ठेवून माती काळी, चिकट झालेली. खुंटी ठोकली की गोड वास यायचा आणि भोकातनं मुंग्या बाहेर. चप्पल उचलताना चट्‌चट् आवाज व्हायचा. अशा जमिनीवर फक्की छान बसते. काळ्यावर पांढरी, पाटीवर पेन्सिलनं काढल्यासारखी. साहेब माप सांगत गेले, मी साखळी ताणत, मूठ सोडत गेलो. पहिली खोली, दुसरी खोली, मधे पडवी, टोकाला बाईंची खोली, भोवती कुंपणाची भिंत. प्रत्येक रेघ जिथनं निघाली तिथं नेऊन मिटवली. काम संपल्यावर मागं सरून बघितलं तर माझं मलाच बरं वाटलं. आयुष्यात इतकी सरळ रेघ माझ्या हातनं पडली नव्हती.

मंडळी जमायला लागली. महापौर आले, नगरसेवक आले, इस्त्रीवाले आले. आण्णा काठी टेकत आले आणि कोपऱ्यात दगडावर बसले. रस्त्याच्या कडेला गाडीच्या जुवावर दौलूमामा आणि चार-पाच हमाल, तंबाखू मळत. तेवढ्यात वळणावरनं पोरांची रांग आली, पुढं सुमतीबाई.

साहेब दचकले. “बाई, मुलांना कशाला आणलंत?”

“काय करू, आज वर लग्न आहे,” बाई म्हणाल्या. “कुठं ठेवू यांना?”

पांढऱ्या रेघा बघून पोरं रांग सोडून धावली. मला वाटलं, गेलं आता. सगळी फक्की तुडवणार, साहेब माझ्याकडं बघणार, आणि मी आपला रोजंदारीवरचा. मी हात पुढं केला.

पोरं रेघेपाशी येऊन थांबली.

सगळी. जशी काही खरीच भिंत लागली. पुढच्याला मागचा धडकला, पण रेघेच्या आत एक पाऊल पडलं नाही. पोरं कडेकडेनं चालायला लागली. या बाजूनं त्या बाजूला, कोपऱ्यावरनं वळून पुन्हा मागं. काहीतरी शोधत होती. सगळं गोल फिरून झाल्यावर दोन वेण्यांची एक लहान मुलगी बाईंकडं आली.

“बाई, आत कुठनं जायाचं? दार न्हाय.”

मी खाली बघितलं. खरंच, दार नव्हतं. एकाही खोलीला नव्हतं, कुंपणालासुद्धा नव्हतं. प्लॉट मिटवायची माझी सवय. मी चौकोन काढले होते, शाळा काढलीच नव्हती. साहेबांनी माप सांगितलं होतं आणि रेघा मिटल्या की नाही तेवढं बघितलं होतं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात दार आलं नव्हतं. आम्ही जन्मभर सीमा काढणारी माणसं.

इस्त्रीवाले मोठ्यानं हसले. “महापालिकेनं आखलेली शाळा बघा. पोरं आत जाऊच शकत नाहीत. मग गाडीखाली येतील कुठनं?”

सगळे हसले. माझे कान तापले. साहेब माझ्यावर रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “पूस रे. रस्त्याकडच्या बाजूला दार दाखवलंय बाईंच्या नकाशात. तिथं पूस.”

मी रस्त्याच्या बाजूला गेलो आणि चप्पल काढून पाय पुढं केला.

“थांबा, पावणं.”

दौलूमामा जुवावरनं उठले होते. तंबाखू झटकून त्यांनी हात पटक्याला पुसला. “हिकडं नगं. हिकडनं गाड्या येत्यात.”

ते रेघेपाशी आले. मला वाटलं, हे सरळ ओलांडून जातील, त्यांना काय त्याचं. पण त्यांनीही ती ओलांडली नाही. पोरांसारखेच कडेकडेनं, सबंध कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. मागं एक बोळ होता. आंधळा, गाडी न शिरणारा, लोक कचरा टाकायचे असला. शाळेचं तोंड तिकडं असेल असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. शाळा म्हटल्यावर पाटी रस्त्यावर दिसायला नको का? दौलूमामा तिथं उभे राहिले आणि अनवाणी टाच रेघेवर घासली. काळी माती वर आली.

साहेबांनी बाईंकडं बघितलं. महापौरही बघत होते. बाई बोळात डोकावून आल्या आणि म्हणाल्या, “मागचं दार चालेल आम्हाला.”

“मागचं कशाला? तिकडं तोंड केलं की तेच पुढचं,” दौलूमामा म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. पाठीवर गुळाचा रवा असावा तसे ते वाकले, दोन्ही हात मागं खांद्याशी धरले आणि त्या फटीतनं आत चालत गेले. थांबले. मान हलवली. बाहेर येऊन टाचेनं फट आणखी रुंदावली. पुन्हा वाकून आत गेले. असं दोन-तीनदा झालं. बाकीचे हमाल हसत होते. “मामा, शाळेत माल उतरवनार हाईसा काय?”

“गप रं,” मामा म्हणाले. “पाठीवर वझं घेतलेलं मानूस दारात आडवं व्हायला नगं. सरळ आत गेलं पायजे.” मग पोरांकडं वळून म्हणाले, “या गं. झालं दार.”

पोरं वळसा घालून आली आणि बाहेर चपला काढायला लागली. बाईंनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मातीवरच्या एका पुसलेल्या रेघेबाहेर चपलांची रांग लागली. मी पळत जाऊन खोल्यांनाही पायानं दारं करून दिली. पोरं पडवीतनं आपापल्या खोलीत गेली, त्या चिकट जमिनीवर मांडी घालून बसली आणि समोर बघायला लागली, जिथं फळा असायला हवा होता तिथं.

कुणी हसेना. रस्त्यावरचा एक गाडीवान बैल थांबवून बघत होता. मी हातात फक्कीची रिकामी बादली घेऊन उभा. ज्या शाळेची एक वीट नव्हती त्या शाळेत शाळा भरली होती, आणि तिच्या भिंती मी मुठीनं सोडल्या होत्या. त्या भिंतींना सगळे मानत होते.

इस्त्रीवाल्यांना बहुतेक हे सहन झालं नाही. “जवळून बघू या की,” म्हणत ते सरळ पहिल्या खोलीकडं निघाले. पांढरा बूट रेघेवर पडणार, तेवढ्यात आतनं आवाज आला.

“ओ काका, भिंत हाय.”

तीच दोन वेण्यांची. इस्त्रीवाल्यांचा पाय हवेत राहिला. सगळे बघत होते. त्यांनी पाय मागं घेतला, घसा खाकरला आणि मान खाली घालून सबंध कुंपणाला वळसा घालून बोळाकडच्या दारापर्यंत गेले. तिथं चपलांची रांग दिसली. क्षणभर थांबले. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. त्यानंतर सगळी सभा एकेक करून त्याच दारानं आत आली. महापौरसुद्धा.

आण्णा मात्र दगडावरच बसून राहिले. डोळे पुसत होते की मुंग्या झटकत होते, मला लांबून कळलं नाही.

मंडळी निघाल्यावर मी साखळी गुंडाळायला घेतली. ती मुलगी पडवीत उभी राहून मला म्हणाली, “तुमी न्हाय येत आत?”

“मले साखळी गुंडाळायची आहे, माय,” मी म्हणालो. घाबरलो किंवा भरून आलं की माझं गावचं तोंडात येतं. “मले, मले” करत पोरं हसत सुटली. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं नाही.

पुढच्या सभेत विषय आला तेव्हा दौलूमामा प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांच्या हरकतीचं काय, असं महापौरांनी विचारलं. ते उभे राहिले. सभागृहात प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

“दार बोळात राहनार असंल तर माझी हरकत न्हाय. तेवढं लिवून घ्या. आनि त्यो बोळ झाडून घ्या.”

तसं लिहून घेतलं. बोळाकडं दार ठेवायच्या अटीवर ठराव झाला. इस्त्रीवाल्यांनी हात वर केला तो सगळ्यांच्या शेवटी, पण केला. मग कागद मुंबईला गेले आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो. मंजुरी येईपर्यंत कार्यालयवाल्यानं बाईंना आणखी थोडी मुदत दिली. त्यासाठी आण्णा स्वतः त्याच्याकडं जाऊन बसले होते म्हणे. मंजुरी आली त्या दिवशी साहेबांनी मला बोलावून नकाशा पुढं ठेवला. नकाशे उतरवणाऱ्या ट्रेसरनं तो नखाएवढा ठिपका तांबूस केला होता. रंग अजून ओला होता. बोट लावू नको, म्हणाले.

पायाची आखणी करायला बाईंनी मलाच बोलावलं. त्या वेळी मी आधी दार सोडलं आणि मग भिंती काढल्या. दाराचं माप गवंड्यानं विचारलं. मला आकड्यात सांगता येईना, म्हणून मी दौलूमामांना हाक मारली. ते वखारीतनं तसेच आले, पाठीवर खरा रवा घेऊन, आणि आत चालत जाऊन दाखवलं. गवंड्यानं तेवढी जागा सोडली.

मी पुढं कायम झालो, साहेब निवृत्त झाले आणि नंतर गेले. मामाही गेले. गाड्या गेल्या, वखारींच्या जागी दुकानं आली. हमालांच्या हातांना पुढं काय काम राहिलं, ते मला नीट माहीत नाही. त्या रस्त्यानं जाताना ती एक टोचणी राहते. आपण त्यांची हरकत सोडवली, त्यांचा धंदा कुणी वाचवला नाही.

शाळा आहे. बोळ स्वच्छ आहे. परवा शाळा भरायच्या वेळेला मी मुद्दाम तिकडनं गेलो. आताची पोरं पाठीवर केवढी दप्तरं घेतात ते तुम्ही बघता. पाठी वाकलेल्या, दोन्ही हात खांद्याच्या पट्ट्यांवर. मी कडेला उभा राहून बघत होतो. एकामागं एक येत होती आणि त्या दारातनं आत जात होती, सरळ, कुणीही आडवं न होता.